जीपचं गिअर ऑइल बदलताना आधी भरायचा प्लग उघडा

जुन्या महिंद्रा जीपचं किंवा जिप्सीचं गिअरबॉक्स नाहीतर डिफरन्शिअलचं (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) तेल बदलताना खालच्या ड्रेन प्लगला, म्हणजे तेल काढायच्या बुचाला, आधी हात लावू नका. बाजूचा भरायचा प्लग बहुतेकदा गंजून घट्ट बसलेला असतो. तेल काढल्यावर तो उघडलाच नाही, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

१. गाडी थोडी फिरवून आणा, कोमट तेल गाळासकट बाहेर येतं. सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा.

२. भरायचा प्लग सैल करा. हलत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर थांबा. घाईत चुकीच्या मापाचा पाना लावला की कडा झिजतात आणि मग काम खरंच अवघड होतं.

३. आता ड्रेन प्लग काढा. त्याला चुंबक असेल तर त्यावर बारीक राखाडी भुकटी असणारच; धातूचे तुकडे दिसले तर मेकॅनिकला दाखवा.

४. ड्रेन प्लग घट्ट बसवून नळी आणि नरसाळ्याने नवं तेल भरा. भरायच्या भोकातून ओघळू लागलं की थांबा.

जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे आहेत; डिफरन्शिअलचं जीएल-५ तेल उरलं म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घाला. जीएल-५ मुळे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खराब होऊ शकतात.