गाडीच्या आतलं कापड बदलताय? मग या चुका टाळा

श्रावण लागला की माझ्याकडे एकच गिऱ्हाईक येतं, म्हणजे माणसं वेगवेगळी पण गाडीची अवस्था तीच. छताचं कापड मध्येच पोट सुटल्यासारखं लोंबतंय, पिलरवरचं, म्हणजे काचांच्या मधल्या खांबांवरचं, कापड कडेने उसवलंय, डोअर पॅडवर कोपर टेकून टेकून काळं झालंय, आणि वाक्य ठरलेलं, "दादा, चवथीच्या आदी गाडी तयार व्हयी." मी कुडाळात गाड्यांचं कुशनचं काम करतो आणि ऐन पावसात रूफचं काम घेत नाही म्हणून बऱ्याच जणांना नाराज करून परत पाठवलंय. त्यातले काही जण मग स्वेडचं, म्हणजे मखमलीसारखं मऊ, कापड ऑनलाइन मागवतात, मोबाईलवर दोन व्हिडिओ बघतात आणि घरीच सुरू होतात. घरी करण्याला माझा अजिबात विरोध नाही, उलट नीट केलं तर घरचं काम दुकानाच्या कामापेक्षा सरस होतं कारण तुम्ही स्वतःच्या गाडीला वेळ देता. पण त्याच त्याच चुका दरवर्षी बघून आता एकदा सगळं लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक, भर पावसात सोल्युशन, म्हणजे कापड चिकटवायचा गोंद, लावणं.

कापड चांगलं की वाईट यावर लोक आठवडाभर चर्चा करतात, पण काम टिकतं ते सोल्युशनवर आणि सोल्युशन टिकतं ते हवेवर. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरची चादर तीन दिवस वाळत नाही, आणि त्याच हवेत आपण रबर बेस सोल्युशनचा डबा उघडतो. होतं काय, की त्यातलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसं पाणी सुटतं ना, तसंच हवेतलं बाष्प त्या गार सोल्युशनवर बसतं. बारीक थर असतो, हाताला कळत पण नाही, फक्त सोल्युशन किंचित दुधाळ दिसायला लागतं. नवख्या माणसाला वाटतं वाळलं, चला चिकटवू.

तीन वर्षांपूर्वी कट्ट्याच्या बाजूचा एक मुलगा, डोंबिवलीला नोकरी करतो, चतुर्थीला गावी आला होता. मी नाही म्हटल्यावर त्याने वडिलांच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, स्वतःच रूफ केलं. बाहेर पाऊस, खाली ओली जमीन, आणि आत हा स्प्रेचा डबा घेऊन. काळं स्वेड, फोमवालं, कापड खरंच चांगलं होतं. संध्याकाळी त्याने मला फोटो पाठवला आणि खोटं कशाला बोलू, फोटोत काम सुंदर दिसत होतं, एक सुरकुती नाही. पाच दिवसांचे गणपती झाले, सहाव्या दिवशी सगळी मुंबईला निघाली, त्या दिवशी नेमकं कडक ऊन पडलं. खारेपाटणला चहाला थांबले, गाडी बंद काचांनी अर्धा तास उन्हात, आणि परत येऊन बघतात तर अख्खं कापड एका तुकड्यात खाली आलेलं, आजी मागच्या सीटवर बसली तर तिच्या डोक्यावर, मागची काच पूर्ण झाकलेली. टाचण्या लावून, मध्ये मध्ये थांबत कशीबशी मुंबई गाठली. हायवेला मागचं दिसत नसताना गाडी चालवणं म्हणजे काय ते मला सांगायला नको.

दिवाळीत तो छताचा बोर्ड, म्हणजे ज्या ताठ पुठ्ठ्यावर हे कापड चिकटवतात तो, घेऊन माझ्याकडे आला. मी कापडाची मागची बाजू नखाने उचलली तर सोल्युशनचा थर दुधावरच्या सायीसारखा अखंड निघून आला, आणि बोर्डाच्या बाजूला कोरडं खडखडीत. म्हणजे बोर्डाला ते कधी चिकटलंच नव्हतं, पाच दिवस गार हवेत नुसतं टेकून होतं. ते कापड वाया गेलं कारण फोममध्ये सोल्युशन मुरलं होतं. नवीन आणलं, आम्ही दोघांनी मिळून कोरड्या दुपारी केलं, ते आजही जागेवर आहे.

माझी सवय सांगतो. भिंतीवर आर्द्रता दाखवणारं एक छोटं मीटर लावलंय, सत्तर टक्क्यांच्या वर आकडा असेल तर डबा उघडायचा नाही, समोर कोणीही उभा असो. हिवाळ्यात सुद्धा सकाळी दव असतं म्हणून अकरानंतर सुरू आणि चारच्या आत चिकटवणं संपलेलं. चतुर्थीला गाडी छान दिसायला हवी असेल तर काम शिमग्याच्या आसपास करून घ्या, फारच उशीर झाला तर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. आणि अगदीच अडलं असेल तर एसी असलेल्या कोरड्या खोलीत बोर्ड आदल्या रात्रीपासून ठेवा, पण सोल्युशनच्या वासाचं काय करणार ते आधी ठरवा. तो वास डोक्यात जातो आणि ती वाफ पेट घेते, त्यामुळे वास बाहेर जायला वाट हवीच, जवळ विडी नको, देवासमोरचं निरांजन पण नको. बोर्ड हॉट गनने गरम करायचा असेल तर डबा उघडण्याच्या आधी करा, नंतर नाही.

दुसरी चूक पहिलीची सख्खी बहीण आहे, जुना फोम तसाच ठेवून वर नवं कापड मारणं.

छत लोंबतं ते कापड जुनं झाल्यामुळे नाही. कापडाच्या मागे दोन-तीन मिलिमीटरचा फोम असतो, तो उष्णता आणि दमट हवा दोन्ही खाऊन खाऊन भुगा होतो, आणि आपल्याकडे ही दोन्ही भरपूर. कापड ओढून काढलं की बोर्डावर पिवळट नारिंगी चिकट भुसा राहतो. लोक फडक्याने वरवर पुसतात आणि वर सोल्युशन. अरे, तुम्ही बोर्डाला चिकटवत नाही आहात, भुशाला चिकटवताय! भुसा बोर्डाला सोडणार आणि त्याच्याबरोबर तुमचं नवं कापड पण.

मी नायलॉनचा ब्रश वापरतो, कपडे धुवायचा चालतो, आणि कोरडाच, पाणी अजिबात नाही कारण दाबलेल्या फायबरचा बोर्ड पाण्याने फुगतो. तारेचा ब्रश पण नको, तो बोर्डाचे पापुद्रे काढतो. तोंडाला मास्क लावा, तो भुसा घशात बसतो. झालं वाटलं की व्हॅक्युम मारायचा, आणि मग खरी परीक्षा: मास्किंग टेपचा एक तुकडा बोर्डावर दाबून लावायचा आणि झटक्यात ओढायचा. टेपच्या मागे नारिंगी कण दिसले तर परत ब्रश. मी दहा-बारा जागी टेप लावून बघतो, लाईटच्या खाचेजवळ आणि मागच्या कडेला हमखास राहिलेला असतो. या एका कामाला दोन तास जातात आणि बोर करतात हे मान्य, पण ज्याला हे दोन तास द्यायचे नाहीत त्याने कापड विकत घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बोर्ड काढताना मोडणं ही पण नेहमीची गोष्ट. सन व्हायझर, हँडल, केबिन लाईट, त्याची वायर, पिलर ट्रिम (पिलरवरचं प्लास्टिकचं कव्हर) हे सगळं आधी निघायला हवं, पुढच्या सीट पूर्ण मागे पाडायच्या आणि दोघांनी मिळून बोर्ड डिकीतून काढायचा. एकट्याने वाकवून पुढच्या दारातून काढायला गेलात की मध्ये मोड येते आणि ती मोड स्वेडमधून आयुष्यभर दिसते. मोडलाच तर घाबरू नका, मालवण-देवगडला फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे जे मॅट आणि रेझिन वापरतात तेच मागच्या बाजूने लावा, बोर्ड ताठ होतो. फक्त आधी कोपऱ्यात थेंबभर लावून बघा, बोर्डात थर्मोकोलसारखं काही असेल तर ते रेझिन त्याला विरघळवतं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, लव.

स्वेडला लव असते, म्हणजे वरच्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू. हात एका दिशेने फिरवला की फिकं दिसतं, उलट फिरवला की गडद. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कापताना सगळे विसरतात, कारण कापड वाचवायचं असतं. उजवा पॅड उभा कापला, उरलेल्या पट्ट्यात डावा आडवा किंवा उलटा बसतोय ना, मग बसवा. टेबलावर दोन्ही सारखेच दिसतात. मी सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या चारही डोअर पॅडचं काम असंच केलं होतं, दुकानात ट्यूबलाईटखाली एकदम झकास, आणि संध्याकाळी गाडी बाहेर काढली, तिरपं ऊन आत आलं, तर डावी दोन दारं कोळशासारखी काळी आणि उजवी दोन राखाडी. एकाच ताग्याचं कापड! गिऱ्हाईक चांगलं होतं, बोललं काही नाही, नुसतं या दाराकडून त्या दाराकडे बघत राहिलं. मी दोन दारांचं काम उकलून स्वतःच्या पैशाने परत केलं.

तेव्हापासून कापड आलं की पहिलं काम, उलट्या बाजूला शिंप्याच्या खडूने हात हात अंतरावर बाण मारायचे. माझी पद्धत अशी की दारांवर आणि पिलरवर लव खाली, छतावर लव पुढून मागे. तुम्ही वेगळी ठेवा हवी तर, पण सगळीकडे एकच ठेवा. आणि डावं-उजवं कापताना साचा पलटायचा असतो, दिशा नाही. कापड थोडं जास्त लागतं, लागू द्या, हिशोबातच अर्धा मीटर जास्त धरा.

कापडाबद्दल एवढंच सांगतो की स्वेडसारखं दिसणारं सगळंच अल्कांटारा, म्हणजे त्या नावाचं नामांकित कृत्रिम स्वेड, नसतं. ते मूळ कापड १९७० साली जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी शोधलं, त्यात ६८ टक्के पॉलिस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असतं, चामड्याचा एक धागा नाही. आपल्या बाजारात त्या नावाने जे स्वस्तात मिळतं ते बहुतेक साधं पॉलिस्टर स्वेड असतं आणि चांगल्या जातीचं असेल तर मला ते चालतं. बघायचं काय, तर ताण. चारी बाजूंनी ताणलं जाणारं कापड पिलरच्या वळणावर बसतं, एकाच बाजूला ताणलं जाणारं चुण्या पाडतं. छताला फोमवालं घ्या, पिलरला बिनफोमचं, कारण जाडी वाढली की ट्रिम परत खाचेत बसत नाही आणि मग लोक बुक्क्या मारून क्लिपा तोडतात.

क्लिपांचं म्हणाल तर स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा, प्लास्टिकची पट्टी वापरा आणि पाच-सहा क्लिपा आधीच जास्तीच्या आणून ठेवा.

लाकडाला लावायचा पांढरा गोंद गाडीत नको, वर पत्रा तापतो आणि तो गोंद सोडतो. डब्यावर किती अंश सेल्सियसपर्यंत टिकतो ते लिहिलेलं असतं ते वाचा, बंद गाडीत उन्हाळ्यात साठच्या आसपास सहज जातं.

सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं, पातळ, आणि बोटाची मागची बाजू टेकवली की तार सुटणार नाही इतकं वाळू द्यायचं. जाड थापलं तर स्वेडच्या वर फुटून येतं, तिथे कडक काळा डाग पडतो आणि तो डाग कशानेही जात नाही, मी सगळं करून बघितलंय. छताला अर्धं कापड दुमडून मधून बाहेर तळव्याने बसवत जायचं, बोटांनी दाबू नका, फोमला खळगे पडतात. लाईटची भोकं सगळ्यात शेवटी कापा. कडेला दोन-तीन सेंटिमीटर मार्जिन मागे वळवायला ठेवा, काठोकाठ कापलेलं कापड पहिल्याच उन्हात आत सरकतं.

डोअर पॅडला आधी कोणी चकाकीचं पॉलिश मारलेलं असेल तर त्यातलं सिलिकॉन सोल्युशनला धरू देत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा, वेगवेगळ्या फडक्याने पुसा.

आता एअरबॅग. इथे मी कोणाचं ऐकत नाही. पिलरवर किंवा सीटच्या कडेला एअरबॅग असं लिहिलेलं असेल तर तिथे हात घालण्याआधी थांबा. कर्टन एअरबॅग छताच्या कडेतून आणि पिलरजवळून बाहेर येते, त्या क्षणी ट्रिमने वाट द्यायला हवी. पिलर आणि छताचा सांधा एकाच कापडाने झाकणं, तुटलेल्या क्लिपेच्या जागी स्क्रू मारणं, एअरबॅगवाल्या सीटवर शिलाई घट्ट घेणं, हे सगळं मी लोकांनी केलेलं बघितलंय आणि अंगावर काटा येतो. काही पिलरच्या क्लिपा एकदा काढल्या की नव्याच घालाव्या लागतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबल्याशिवाय एअरबॅगची पिवळी वायर हलवायची नाही. सीटच्या कडेची एअरबॅग असेल तर मी ते काम घेतच नाही, तुम्ही पण घरी करू नका.

स्टिअरिंगला स्वेड लावू नका, आपल्या घामात ते सहा महिन्यांत तुळतुळीत होतं.

काम झाल्यावर लगेच गाडी बंद करून उन्हात लावू नका. मी एक पूर्ण दिवस-रात्र बोर्ड सपाट टेबलावर ठेवतो, मगच गाडीत बसवतो, आणि पुढचे तीन दिवस काचा दोन बोटं उघड्या ठेवून सावलीत. आंब्याच्या पेट्या, सुकी मासळी यातलं काही त्या आठवड्यात आत ठेवू नका, नवं स्वेड वास धरतं. पावसाळ्यात पांढरी बुरशी दिसली तर ओलं फडकं मारू नका, उघडीप बघून दारं उघडी टाका, वाळली की मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झाडा.