सॉफ्टवेअरचं पेटंट टाकताय? तयारी करा, आणि फॉर्म १८ विसरू नका

अर्ज आत जाईपर्यंत आयडिया पब्लिकमध्ये दाखवायची नाही, हे सगळ्यांना माहितीये, पुढे जाऊ. (आधी दाखवूनही अर्ज टाकायची पेटंट कायद्याच्या कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत ठराविक प्रदर्शनं आणि शास्त्रीय संस्थांपुढे वाचलेल्या पेपरपुरती आहे, तुमच्या लाँचला ती लागू नाही.)

फ्रीलान्सरने काही बनवलं असेल तर त्याच्याकडून लेखी असाइनमेंट (हक्क तुमच्या नावावर केल्याचा कागद) आत्ताच घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. मग कलम ३(के). नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम चालत नाही, पण २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने सांगितलंय की तांत्रिक परिणाम दिसत असेल तर केवळ प्रोग्रॅम आहे म्हणून अर्ज उडवता येत नाही. त्यामुळे मेमरी किती वाचली, लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) किती कमी झाली याचे आकडे इंजिनिअरकडून आधीच काढून घ्या, "आमचं ॲप स्मार्ट आहे" असल्या वाक्यांनी एक्झामिनर पाघळत नाही.

आता फॉर्म १८, म्हणजे तपासणीची विनंती. अर्ज टाकला की तपासणी आपोआप होते असं वाटतं, होत नाही, वेगळी मागावी लागते. पूर्वी ४८ महिने मिळायचे, १५ मार्च २०२४ च्या नियमांनी ते ३१ केले. डोक्यात ४८ च बसलं होतं आणि तिथेच आपटलो. त्यात आणखी एक मेख आहे, हे ३१ महिने प्रोव्हिजनलच्या (आधी टाकलेल्या तात्पुरत्या अर्जाच्या) तारखेपासून मोजायचे, कंप्लीटच्या (नंतर दिलेल्या पूर्ण तपशिलाच्या) नाही! प्रोव्हिजनल १० जानेवारी २०२५ ला टाकलं असेल तर १० ऑगस्ट २०२७ ला खेळ संपला, मग कंप्लीट कधीही टाकलेलं असो. मुदत चुकली की तुम्ही अर्ज मागे घेतला असं कायदाच धरतो. एजंटवर सोडू नका, स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाका, को-फाउंडरच्याही टाका. खरं सांगू का, पैशांची सोय असेल तर फॉर्म १८ कंप्लीटसोबतच देऊन मोकळे व्हा.

पैशांवरून आठवलं, स्टार्टअप मान्यता आणि फॉर्म २८ (स्टार्टअप म्हणून फीची सवलत मागायचा फॉर्म) आधी तयार ठेवा. ऑनलाइन अर्जाला ८००० ऐवजी १६०० आणि फॉर्म १८ ला २०००० ऐवजी ४००० लागतात. घाई असेल तर स्टार्टअपला फॉर्म १८ए ने लवकर तपासणी मागता येते, पण मागावीच लागते, तेच परत.

परदेशातही पेटंट टाकायचं असेल तर कलम ३९: आधी परवानगी घ्या नाहीतर भारतात टाकून ६ आठवडे थांबा.

बाकीचं पटापट. प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत कंप्लीट. तपासणी अहवाल आला की उत्तराला ६ महिने, फॉर्म ३ (परदेशातल्या अर्जांची माहिती) मात्र अहवालापासून ३ महिन्यांत. पण फॉर्म १८ दिलाच नसेल तर अहवाल येणारच नाही आणि तुम्ही वाट बघत बसाल. पेटंट मिळाल्यावर फॉर्म २७ (पेटंट वापरात आहे का याचं निवेदन), आता दर वर्षी नाही, ३ आर्थिक वर्षांतून एकदा. रिन्यूअल फी तिसऱ्या वर्षापासून, ते अकाउंट्सवाल्याला सांगून ठेवा.