"आज जरा बरं नाही त्यांना" म्हणजे नेमकं काय?

वृद्धाश्रमात तब्येतीतला बदल सगळ्यात आधी दिसतो तो अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मावशींना आणि मामांना. पण सिस्टरपर्यंत, तिथून डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर त्याचं "आज जरा बरं नाही त्यांना" एवढंच उरतं. त्यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही.

सांगायचं असतं ते रोजच्यापेक्षा वेगळं काय आहे ते. म्हणून रोजचं काय, हे आधी लिहिलेलं हवं. प्रत्येकाच्या फाइलच्या पहिल्या पानावर नेहमीचं बीपी, नाडी, ऑक्सिजन, वजन, जेवण किती, कशाच्या आधाराने चालतात, माणसं ओळखतात का, हे असावं. दर महिन्याला आणि इस्पितळातून परत आल्यावर ते पान नव्याने भरा. ज्यांचं वरचं बीपी कायम 150 असतं त्यांचं अचानक 110 झालं, तर आकडा छान दिसतो आणि तिथेच फसगत होते.

उतारवयात संसर्ग झाला म्हणजे ताप चढेलच असं नाही. एकाएकी गोंधळणं, तोल जाऊन पडणं, ताट तसंच परत येणं, चादर ओली होणं ही पहिली खूण असू शकते. गोंधळणारा प्रत्येक जण आरडाओरडा करतो असंही नाही. गप्प पडून राहणारे आजोबा "आज शांत आहेत" म्हणून नजरेतून सुटतात. त्यांची काळजी जास्त करावी. ताप 100 फॅरेनहाइटच्या वर गेला, किंवा त्यांच्या नेहमीच्या तापमानापेक्षा 2 अंशांनी वाढला, तर कळवा.

श्वास मात्र घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, तेही नाडी बघतोय असं भासवून. श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. रजिस्टरमध्ये सगळ्यांचे 18 असतील तर कोणी मोजलेलेच नाहीत, असं खुशाल समजा. 25 किंवा त्याहून जास्त असतील तर फेरीची वाट बघू नका.

कळवताना क्रम ठेवा: कोण, आत्ता काय दिसतंय आणि केव्हापासून, एरवी कसे असतात, आकडे, तुम्हाला काय हवंय. उदाहरणार्थ:

"सिस्टर, 4 नंबरच्या आजी. सकाळी 8 पासून झोपाळल्यात. हाक मारली की डोळे उघडतात, लगेच मिटतात. काल रात्री स्वतः चालत संडासला गेल्या होत्या. सकाळपासून पाणी अर्धा ग्लास. श्वास 26, नाडी 108, ऑक्सिजन 92, ताप 99.4, शुगर 142. परवापासून झोपेची नवी गोळी सुरू आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा."

यात निदान नाही, आणि ते मुद्दामच नाही. "लघवीचं इन्फेक्शन असेल" असं एकाने म्हटलं की पुढचे सगळे तेच धरून बसतात.

ऐकणाऱ्याने आकडे परत म्हणून दाखवावेत. मग वहीत वेळ, कोणाला सांगितलं, काय ठरलं, पुन्हा केव्हा आणि कोण मोजणार, हे लिहावं. नुसतं "डॉक्टरांना कळवलं" ही अर्धी नोंद झाली. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज तर कळवण्यात धरूच नये: बघतात सगळे, उठत कोणीच नाही.

ड्यूटी बदलताना ज्यांच्यात बदल झालाय त्यांचा चार्ज पलंगापाशीच द्या. जाणारी आणि येणारी, दोघींनी एकत्र बघितलं की "मी आले तेव्हा त्या अशाच होत्या" हा वाद राहत नाही.

तोंड वाकडं होणं, एका हातातलं बळ जाणं, बोलणं जड होणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, यात आधी ॲम्ब्युलन्स, मग बाकीचे फोन. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला तर तो ठणठणीत वाटला तरी हेच. पक्षाघाताची शंका असेल तर शेवटचं व्यवस्थित कोणी, किती वाजता पाहिलं ते कागदावर लिहून सोबत द्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल का, हे त्या वेळेवरून ठरतं.