तण मेले नाही: दोष उन्हाचा की तणाच्या प्रतिकाराचा, हे कसे ओळखावे?

तणनाशकाची फवारणी होऊन पंधरा दिवस झाले, तरी तण हिरवेगारच. अशा वेळी बहुतेक जण औषधाला नावे ठेवतात, नाहीतर पुढच्या खेपेला मात्रा वाढवतात. त्याआधी एक प्रश्न विचारा: फवारणीच्या आठवड्यात तापमान किती होते?

आधी शेतात फिरून बघा. जिवंत तण सरळ पट्ट्यांत दिसत असेल, तर नोझल तुंबले होते किंवा मधली जागा सुटली. सगळ्याच जातींचे तण पिवळे पडून पुन्हा फुटले असेल, तर हवामान, मात्रा किंवा तणाचे वय तपासा. पण एकाच जातीची, एकाच उंचीची दोन रोपे शेजारी आहेत, एक पूर्ण वाळून गेले आहे आणि दुसऱ्याला काहीच झालेले नाही, असे दिसले तर प्रतिकाराचा, म्हणजे त्या तणाला हे औषध आता मारू शकत नाही असा, संशय पक्का धरा.

मग प्रतिकाराचा प्रकार समजून घ्या. सगळे गणित इथेच आहे. प्रतिकार ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. पहिल्यात तणनाशक ज्या प्रथिनाला चिकटते त्याचीच रचना बदललेली असते; त्यावर तापमानाचा परिणाम सहसा कमी होतो. दुसऱ्यात तण औषध पचवून टाकते किंवा पेशीत एका बाजूला कोंडून ठेवते. हे काम विकरे (एन्झाइम) आणि पदार्थ पेशीत इकडून तिकडे नेणारी वाहक प्रथिने करतात आणि त्यांचा वेग तापमानावर अवलंबून असतो.

माठाच्या कुळातले पामर अमरंथ हे तण उष्णतेत मेसोट्रायोन हे तणनाशक झपाट्याने पचवते, म्हणून थंड हवेत तेच औषध जास्त चालते. कोचिया या तणावरच्या प्रयोगात दिवसा 32.5 अंश सेल्सिअस तापमानात ग्लायफोसेट आणि डायकांबा या दोन्ही तणनाशकांचा परिणाम 17.5 अंशांच्या तुलनेत घटला, कारण उष्णतेत ग्लायफोसेट पानात कमी शिरले आणि डायकांबा झाडात कमी फिरले. म्हणजे तिथे दिसलेले कारण पचवण्याचे नव्हते. ग्लायफोसेटला न जुमानणारे हॉर्सवीड नावाचे तण ते औषध पेशीतल्या रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) कोंडते. थंडीत ही कोंडण्याची क्रिया मंदावते आणि एरवी तग धरणारे रोप मरते.

पण यावरून ‘थंडीत फवारा, सगळे सुटेल’ असा नियम करू नका. ग्लुफोसिनेट या तणनाशकाला उबदार, दमट हवा आणि भरपूर ऊन लागते. शिवाय फार थंडीत तणाची वाढच थांबते, मग औषध झाडात पुढे सरकत नाही.

फवारणीची वेळ ठरवताना फक्त त्या तासाचे तापमान बघून भागत नाही. औषध पचवणे पुढचे काही दिवस चालू असते, त्यामुळे दोन-तीन दिवसांचा अंदाज पाहा. उष्णतेची लाट येणार असेल आणि पीक थांबू शकत असेल, तर फवारणी पुढे ढकला. तण लहान असताना, म्हणजे दोन-चार पानांवर फवारा. माझ्या मते वेळेच्या सगळ्या हिशोबापेक्षा हे जास्त उपयोगी पडते. दुपारच्या कोरड्या उन्हात थेंब पानावरच सुकतात. पहाटेच्या अगदी निवांत हवेत बारीक तुषार तरंगत राहून भलत्याच पिकावर जातात. ऊन थोडे वर आले, दव ओसरले आणि हलका वारा सुटला, की पंप सुरू करा.

नोंद ठेवा: तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता, तणाची उंची, औषध आणि मात्रा. पुढच्या हंगामात वाद मिटवायला एवढी वही पुरते.

संशय कायम असेल तर कुंडीत चाचणी घ्या. वाचलेल्या तणाचे पिकलेले बी जमवा. ज्या जागी हे तणनाशक कधी वापरलेले नाही, तिथून त्याच जातीचे दुसरे बी आणा. दोन्ही वेगवेगळ्या कुंड्यांत लावा आणि रोपे तीन-चार पानांची झाली की लेबलवरच्याच मात्रेने एकाच दिवशी फवारा. फवारणीच्या काही दिवस आधीपासून दोन्हींच्या निम्म्या कुंड्या गार जागी, निम्म्या उबदार जागी ठेवा. उजेड आणि पाणी मात्र सारखे असू द्या. तीन आठवड्यांनी बघा. उष्ण जागी दोन्हीही वाचले तर दोष मुख्यतः उन्हाचा. दोन्ही जागी फक्त संशयित रोपे वाचली तर प्रतिकार आहे. ती उबेत वाचली आणि गारव्यात मेली, तर प्रतिकार आहेच, पण तो तापमानावर हलणारा आहे.

प्रतिकार निघाला तर मात्रा चढवत बसू नका आणि अर्धवट मात्राही मारू नका. कमी मात्रेतून वाचलेली रोपे पुढच्या पिढ्यांत औषध पचवण्याची ताकद वाढवत नेतात. वेगळ्या कार्यपद्धतीचे, म्हणजे तणाला वेगळ्या मार्गाने मारणारे, तणनाशक निवडा, कोळपणी करा आणि उरलेली रोपे बी धरण्याआधी उपटून शेताबाहेर न्या.