घरच्या सॉसेजमधलं मांस-चरबीचं गणित: या चुका टाळा

पाककृतीत ७०:३० असं प्रमाण दिलेलं असतं. ते वाचून बरेच जण खाटकाकडून ७०० ग्रॅम पोर्क आणि ३०० ग्रॅम चरबी आणतात आणि दोन्हींचा एकत्र खिमा करतात. सॉसेज तव्यावर टाकलं की चरबी भसाभस सुटते, सॉसेज आकसतं आणि दोष मसाल्याला किंवा आचेला दिला जातो. खरी चूक वजनकाट्यावरच झालेली असते. ७०:३० हे तयार मिश्रणातलं प्रमाण असतं. डुकराच्या खांद्याच्या मांसात मुळातच साधारण २० टक्के चरबी असते, म्हणजे ७०० ग्रॅममध्ये १४० ग्रॅम. पाठीच्या चरबीत ९० टक्क्यांच्या आसपास चरबी धरली, तर ३०० ग्रॅममधून २७० ग्रॅम आली. एकूण ४१० ग्रॅम झाली. ३० टक्के ठरवलं होतं, निघालं ४१ टक्के.

मांसात आधीच किती चरबी आहे हे न बघणं

मांडीच्या मांसात चरबी कमी, साफ केल्यावर ८ टक्क्यांच्या आसपास. खांद्यात २० ते २५. पोटाच्या भागात जवळजवळ निम्मी, पण जनावरागणिक ती ४० ते ६० टक्क्यांपर्यंत बदलते. त्यामुळे छापील आकड्यावर विसंबू नका. आणलेल्या मांसातला अर्धा किलोचा तुकडा घ्या, धारदार सुरीने दिसेल तेवढी पांढरी चरबी वेगळी करा आणि दोन ढीग वेगवेगळे तोला. लाल ढिगातही थोडी चरबी असते आणि पांढऱ्या ढिगात थोडं पाणी आणि तंतू असतात. हे दोन फरक एकमेकांना बरेचसे भरून काढतात, म्हणून घरच्या कामाला हा अंदाज पुरेसा ठरतो.

एक खबरदारी घ्या. आपल्याकडे पोर्क पुष्कळदा कातडीसकट मिळतं. कातडी पांढरी दिसते म्हणून ती चरबीत मोजू नका. ती तव्यावर वितळत नाही आणि दाताखाली चिवट लागते. तोलण्याआधीच काढून टाका.

चरबी किती घालायची

हव्या असलेल्या टक्क्यांतून मांसातले टक्के वजा करा. मग वरून घालायच्या चरबीच्या टक्क्यांतून (पाठीच्या चरबीत ९०) मांसातले टक्के वजा करा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा आणि एकूण वजनाने गुणा.

एक किलो मिश्रणात २८ टक्के चरबी हवी आहे असं धरू. मांस खांद्याचं असेल, तर २८ वजा २० म्हणजे ८, ९० वजा २० म्हणजे ७०. आठ भागिले सत्तर. पाठीची चरबी फक्त ११५ ग्रॅम लागते, बाकी ८८५ ग्रॅम मांस. मांस मांडीचं असेल, तर २० भागिले ८२, म्हणजे चरबी २४५ ग्रॅम आणि मांस ७५५ ग्रॅम. एकाच पाककृतीत चरबी दुपटीहून जास्त बदलली.

पाठीची चरबी मिळाली नाही तर पोटाचा भाग वापरा. मांडी ८ टक्के आणि पोट ५० टक्के धरलं, तर ५२५ ग्रॅम मांडी आणि ४७५ ग्रॅम पोट लागेल, म्हणजे जवळपास निम्मं-निम्मं. रोजच्या तळायच्या सॉसेजला २५ ते ३० टक्के चरबी उत्तम. २० च्या खाली गेलात की सॉसेज भुसभुशीत आणि कोरडं होतं.

मूत्रपिंडाभोवतीची मऊ चरबी वापरणं

मूत्रपिंडाभोवतीची डुकराची चरबी स्वस्तात मिळते, पण ती फार मऊ असते. मिन्सरमध्ये, म्हणजे खिमा करायच्या यंत्रात, तिचे दाणे पडत नाहीत, लेप होतो. पाठीची चरबी घट्ट असते, म्हणून तिचे तुकडे तुकडेच राहतात.

मीठ आणि पाणी कशावर मोजायचं

मीठ मांस आणि चरबी मिळून जे वजन होईल त्यावर मोजा: किलोला १८ ग्रॅम. नुसत्या मांसावर मोजलंत तर सॉसेज अळणी लागेल आणि नीट बांधलंही जाणार नाही, कारण मांसातली प्रथिनं मोकळी करून चिकटपणा आणण्याचं काम मीठच करतं. बर्फाचं पाणी किलोला ८० ते १०० मिलिलिटर चालतं, पण ते टक्केवारीत धरू नका.

गणित बरोबर, तरी चरबी सुटते

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचं कारण बहुतेक वेळा तापमान असतं. खिमा जाळीतून बाहेर पडताना नीट बघा. लाल आणि पांढरे दाणे वेगवेगळे ओळखू येत असतील तर काम ठीक चाललं आहे. गुलाबी, एकजीव, चकचकीत लगदा येत असेल आणि बोटांना तुपट थर लागत असेल, तर चरबी चिरली न जाता फासली जाते आहे. असं मिश्रण २५ टक्क्यांचं असलं तरी तव्यावर चाळिसाचं असल्यासारखं वागतं.

एप्रिल-मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात चरबी दहा मिनिटांत मऊ पडते. मांस आणि चरबीचे दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे ताटात सुटे पसरून फ्रीझरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा. कडा कडक झाल्या पाहिजेत, आतून दगड नको. मिन्सरचं पातं, जाळी आणि पातेलंही गार करून घ्या. खिमा करताना मांस ४ अंशांच्या आत आणि मळताना १० अंशांच्या आत ठेवा. पातं बोथट असेल किंवा त्यात शिरा अडकल्या असतील, तर गार चरबीही फासली जाते. मिक्सरवर करत असाल तर एका वेळी मूठभरच घ्या आणि चालू-बंद करत तीन-चार झटके द्या. सलग फिरवला की भांडं तापतं.

मीठ घातल्यावर दोन-तीन मिनिटं जोरात मळा. गोळा तळहातावर दाबून हात उलटा केला तरी चिकटून राहिला पाहिजे. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस मळण्याआधी घालू नका. आंबटपणाने प्रथिनं आधीच घट्ट होतात आणि सॉसेज चुरा होतं. मग लोक चरबी कमी पडली असं समजून आणखी घालतात.

चिकन आणि मटण

चिकनमध्ये ३० टक्क्यांचा हट्ट सोडा. मांडीच्या बिनकातडीच्या मांसात ४ टक्क्यांच्या आसपास आणि कातडीत साधारण ३२ टक्के चरबी असते. १० टक्क्यांसाठी ७८५ ग्रॅम मांस आणि २१५ ग्रॅम कातडी लागते. याहून जास्त कातडी घातली की सॉसेज रबरासारखं होतं. कातडी गोठवून बारीक जाळीतून दोनदा काढा.

बोकडाची चरबी उशिरा वितळते आणि लवकर थिजते. ती १५ ते २० टक्क्यांवरच ठेवा आणि सॉसेज गरमच वाढा, नाहीतर टाळूला मेणासारखा थर बसतो.

वाळवायच्या सॉसेजला ताज्याचं प्रमाण लावणं

गोव्याचं चोरीस पावसाळ्याआधीच्या पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीत, करून ठेवतात. त्याचं पोर्क हाताने चिरलेलं असतं आणि ते मीठ, व्हिनेगर, मिरची-लसणाच्या मसाल्यात मुरवून आतड्यात भरतात, मग वाळवतात. इथे व्हिनेगर आधी चालतं, कारण तुकडे एकमेकांना चिकटायचे नसतात. चरबीचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो. वाळताना पाणी जातं, चरबी जात नाही. एक किलोत २५० ग्रॅम चरबी असेल आणि वजन ७०० ग्रॅमवर आलं, तर २५ टक्क्यांचे जवळपास ३६ होतात. म्हणून सुरुवात २० ते २५ वर करा. मीठही तसंच वाढतं: किलोला २५ ग्रॅम घातलेलं वाळल्यावर किलोला ३६ ग्रॅमच्या आसपास जातं. हे सॉसेज वाळलेलं असलं तरी कच्चंच असतं, पूर्ण शिजवूनच खा.

मिश्रण झाल्यावर चूक कळली तर

आतड्यात भरण्याआधी एक चमचा मिश्रणाची टिक्की मंद आचेवर भाजून चाखा. पोर्क आतून ७१ अंशांपर्यंत आणि चिकन ७४ पर्यंत शिजलं पाहिजे. त्यापुढे फार नेलंत तर योग्य प्रमाणाचं सॉसेजही कोरडं होतं.

चरबी जास्त झाली असेल तर मांडीचं मांस वाढवा. ४१ टक्क्यांचं एक किलो मिश्रण ३० वर आणायला ५०० ग्रॅम लागतं. उलट १२ टक्क्यांच्या एक किलोला २५ वर न्यायचं असेल तर पाठीची चरबी २०० ग्रॅम. भर पडलेल्या वजनाचं मीठ विसरू नका: ५०० ग्रॅमला ९ ग्रॅम, २०० ग्रॅमला साडेतीन ग्रॅम. नवा भाग वेगळा गोठवून, त्याचा खिमा करून मगच मिसळा आणि पुन्हा एक टिक्की भाजून बघा. फासलेली चरबी मात्र अशी भर घालून सुधारत नाही. ते मिश्रण आतड्यात न भरता कबाब किंवा खिमा-पावासाठी वापरून टाका.