डी ड्राइव्हला टाकलंय म्हणजे बॅकअप झाला? या चुका टाळा

बंद पडलेला संगणक दुरुस्तीला आला की माझा पहिला प्रश्न, ‘बॅकअप आहे का?’ आणि उत्तर हमखास, ‘हाय की, डी ला टाकलंय सगळं.’

बहुतेक घरगुती संगणकांत सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन दालनं असतात. वाडाच बसला तर ओसरीवरचं सामान गेलं आणि माजघरातलं वाचलं, असं होत नाही. हा समज आला कुठून, तेही उघड आहे. विंडोज परत टाकताना सी पुसला जातो आणि डी राहतो, त्यामुळे डी म्हणजे सुरक्षित जागा असं डोक्यात बसलं. विंडोज बिघडण्यापुरतं ते खरं आहे, पण डिस्क मेल्यावर दोन्ही जातात. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. ‘डिस्क 0’च्या एकाच ओळीत सी आणि डी शेजारी शेजारी दिसले, तर आजच बाहेरची डिस्क घ्या.

ती आणल्यावर पुढची चूक होते: डिस्क कायम जोडलेली राहते. वळवाच्या पावसात वीज कडाडून वायरमधून झटका आला तर संगणकाबरोबर तीही जाऊ शकते. खंडणी मागणारा व्हायरस जोडलेली डिस्कही सोडत नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्रायने जगभर हाहाकार केला, तो अशाच जातीचा. कॉपी झाली की ‘इजेक्ट’ करा, काढा, कपाटात ठेवा. विंडोजची फाइल हिस्टरी चालू केलीत तर डिस्क जोडलेली असेपर्यंत ती दर तासाला बदललेल्या फाइली उचलते, म्हणून आठवड्यातून एकदा काही तास जोडली तरी घरगुती कामाला पुरतं. फक्त डी वर हातानं केलेलं फोल्डर ती आपणहून घेत नाही, ते वेगळं जोडून द्यावं लागतं. इथे बरेच जण फसतात.

आता पाण्याचं. आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी. 2019 आणि 2021 च्या पुरांत पाणी त्याच्याही खूप वर गेलं. घाईत टीव्ही माळ्यावर चढतो, गॅस सिलिंडर हलतो, पण टेबलाखालचा सीपीयू आणि खणातली डिस्क कुणाच्या ध्यानातच राहत नाही. नदीकाठच्या पेठेत राहत असाल तर दुसरी एक डिस्क नदीपासून लांब, राजारामपुरीत किंवा कळंब्याला पाहुण्यांकडे ठेवा. गणपतीला आणि पाडव्याला जाणं-येणं होतंच, तेव्हा घरची न्यायची आणि तिथली आणायची. अदलाबदल विसरत नाही, सणच आठवण करून देतो.

‘आमचं गुगल ड्राइव्हला आहे’ म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं, की जे चालू आहे ते सिंक तर नाही? सिंक असेल तर पोरानं इकडं फोल्डर उडवलं की तिकडूनही उडतं. कचरापेटीत 30 दिवस मिळतं, नंतर नाही. शिवाय फुकटचे 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. बारशाच्या व्हिडिओतच संपतात.

आणि घेतलेला बॅकअप उघडून पाहिला का? घरी डीटीपी (छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवणं) करणाऱ्या एका काकांनी दहा वर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फाइली नीट जपल्या होत्या. नव्या संगणकावर उघडल्या तर सगळीकडे गिचमीड इंग्रजी अक्षरं, कारण जुने मराठी फाँट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या एकाच सामायिक पद्धतीचे, नसतात आणि फाँटची कॉपी कुणी घेतलीच नव्हती. तेव्हा फाँटचं फोल्डरही बॅकअपमध्ये घ्या. अधूनमधून दोन-चार फाइली दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा.

डिस्क अडून बसली तर आधी साध्या गोष्टी तपासा. पुढच्या यूएसबीला दिसत नसेल तर मागच्या पोर्टला, दुसऱ्या वायरनं लावा. पुष्कळदा वीज अपुरी पडते. मोठा व्हिडिओ कॉपीच होत नसेल तर फॉरमॅट फॅट32 आहे का बघा, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट करा, मात्र फॉरमॅटनं आतलं सगळं पुसतं, हे आधी लक्षात घ्या.

‘टक... टक...’ असा आवाज येत असेल तर मात्र प्लग काढा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क तर मुळीच चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर तो ताण शेवटचा ठरू शकतो. पुरात भिजलेली डिस्कही तशीच. उन्हात वाळवून ‘चालतीय का बघू’ म्हणून वीज देऊ नका, ड्रायरही मारू नका. आहे तशी पिशवीत घाला आणि डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.