छत्तीस गाठींचा रविवार

दिवाळीला दोन रविवार उरले की त्यातला पहिला मी मैत्रिणींसाठी राखून ठेवते. सकाळी दहाला सहाजणी माझ्या पुण्यातल्या घरी येतात, आकाशकंदील आणि छोटी गोधडी शिकतात आणि तिन्हीसांजेला दोन्ही वस्तू घेऊन घरी जातात. वस्तू पुरी होऊनच घरी गेली पाहिजे, यावर मी अडून बसते. ‘उरलेलं घरी करते’ म्हणून पिशवीत गेलेलं काम परत बाहेर येत नाही. पहिल्या वर्षी मी गोधडीसाठी फूटभर बसकराचं माप धरलं आणि एकीचंही पुरं झालं नाही. आता माप सात इंच, गरम भांड्याखाली ठेवण्यापुरतं.

सहापेक्षा जास्त जणींना बोलावू नका. सातवीला हात दाखवायला जावं तोवर पहिलीची गाठ सुटलेली असते. आणि दोन्ही वर्ग स्वतः घेऊ नका. कंदील मी शिकवते. गोधडी शेजारच्या काकू शिकवतात. त्या सातारकडच्या, गोधडीला वाकळच म्हणतात. त्या शिकवत असताना मला चहाचं बघता येतं.

कंदिलाची निम्मी मेहनत आदल्या आठवड्यातली. कामट्या मी बुरूड आळीतून आठ इंचांच्या कापूनच आणते. एका कंदिलाला २४ लागतात. मी प्रत्येकीची २६ ची जुडी बांधते, कारण एखादी तडकतेच. प्रत्येक कामटीवरून पॉलिश पेपर फिरवा. बांबूची कूस बोटात गेली तर तिचा दिवस तिथंच संपतो. पतंगाच्या कागदाचे ताव अप्पा बळवंत चौकातून आणते, गुंडाळी करून. घडी घातली तर तिची रेघ दिवा लागल्यावर दिसते.

खळ आदल्या रात्री शिजवायची. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, एकूण पाच वाट्या पाणी घालायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाली की उतरवायची. कीड लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालायचे. मी घालत नाही. ते विषारी आहे, आणि घरात लहान मुलं असली तर विचारसुद्धा करू नका. चिमूटभर तुरटी पुरते.

दहा ते बारा नुसत्या गाठी. चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा. दोन्ही कर्ण सुतळीनं मोजून सारखे आले की मगच गाठ आवळायची. मग एक चौकोन वर, एक खाली, आणि मधले चार कोपऱ्यावर उभे धरून कोपऱ्याला कोपरा बांधायचा. चौकोनांच्या २४ आणि जोडांच्या १२, मिळून ३६ गाठी. चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते पहिल्यांदा दिसतात तेव्हा प्रत्येकीचा चेहरा बघण्यासारखा असतो. सांगाडा या वेळी डुलतो. ‘माझा बिघडला’ असं सगळ्याच म्हणतात. बिघडलेला नसतो, कागदानं तो ताठ होतो.

बारा वाजता पंखा बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे जड जातं, पण पतंगाचा कागद पंख्याखाली चिकटवता येतच नाही. कागद सगळ्या बाजूंनी अर्धा इंच जास्त कापायचा, खळ कामटीला लावायची आणि कडा आत मुडपायची. आधी उभे चार चौकोन, तेही समोरासमोरचे, म्हणजे कंदील एका अंगाला ओढला जात नाही. मग त्रिकोण. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा. गॅलरीत दोरीवर कंदील टांगले की पंखा लावायचा आणि जेवायला बसायचं. वाळताना कागद ताणला जातो, वर टिचकी मारली तर टणटण वाजतो.

जेवायला मसालेभात आणि मठ्ठा, बास. यजमानीण पोळ्या लाटत बसली तर वर्ग कोण चालवणार? भजी-चिवडा कंदील पुरा होईपर्यंत झाकून ठेवा. तेलाचा डाग कागदावरून जात नाही.

अडीचला काकूंचा वर्ग. जुन्या सुती साडीचे चार थर, आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचलेले. धावदोरा काठापासून सुरू करून कडेकडेनं आत आत यायचं. मधून सुरू केलं तर थर सरकून काठाला फुगवटा येतो. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवलं की दीड तासात मधल्या चौकोनापर्यंत पोचता येतं. प्रत्येकीला आपल्याच घरची साडी आणायला सांगा. गेल्या वर्षी एकीनं आईचं इरकली आणलं होतं, आणि तासभर आम्ही टाके घालत तिच्या आईबद्दलच ऐकत होतो.

पाचला चहा, मग कंदिलाच्या कडांना कागदाच्या करंज्या आणि खाली झिरमिळ्या. आत फक्त एलईडीचा छोटा दिवा; तापणारा बल्ब कागदाजवळ नकोच.

सामानाचे पैसे मी आमंत्रणातच सांगते आणि सहा वाटे करते. मनात हिशोब ठेवून हसत बसण्यापेक्षा हे बरं.

निघताना झिरमिळ्या वर गुंडाळून दोऱ्यानं सैल बांधून द्या आणि कंदील वरच्या चौकोनाला धरून न्यायला सांगा. रिक्षात तो मांडीवरच बसतो.